काना धूसर, शिरोरेषा स्पष्ट

आमच्या गावच्या नाट्यमंडळाची स्मरणिका गेली काही वर्षं मीच लावतो. लावतो म्हणजे जाहिराती गोळा करण्यापासून प्रुफं वाचण्यापर्यंत सगळंच, कारण बाकीचे सगळे नाटकात असतात आणि मला अभिनय येत नाही हे पहिल्याच वर्षी सगळ्यांच्या लक्षात आलं. घर गोव्यात मांद्र्याला, छापखाना म्हापशाला, आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी अंक हातात पडलाच पाहिजे, नाहीतर जाहिरातदार पैसे देताना माटोळीकडे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताकडे, बघत बसतात. लॅपटॉप जुना आहे, स्क्रीन १३६६×७६८ची, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट, आणि चाळिशी लागल्यापासून त्या छोट्या स्क्रीनवर अनुस्वार आहे की धुळीचा कण हे कळेनासं झालं होतं. बोटानं पुसून बघायचो, गेला तर धूळ.

म्हणून जूनमध्ये म्हापशाला एक सायबर कॅफे बंद होत होता तिथून एक मॉनिटर उचलला. बावीस इंची, १९२०×१०८०, मागे केबल जोडायची दोन भोकं, एक व्हीजीए आणि एक डीव्हीआय. विकणारा म्हणाला चार वर्षं पण झाली नाहीत, आणि वर निळ्या टोकाची व्हीजीए केबल फुकट दिली. माझ्या लॅपटॉपला अजून व्हीजीएचं भोक आहे, इतका तो जुना. मी खूश. पोत्यात गुंडाळून पावसातनं कदंब बसमधून आणला, मांडीवर घेऊन, चोपड्याच्या पुलावर कंडक्टर म्हणाला टीव्ही काय, म्हटलं हो.

घरी येऊन जोडला. चित्र आलं पण १०२४×७६८. रुंद स्क्रीनवर चौकोनी चित्र ताणून बसवल्यामुळे अक्षरं भाकरीसारखी थापलेली दिसत होती, ‘ग’ आणि ‘ण’ तर आडवे झोपलेच. डिस्प्ले सेटिंगमध्ये गेलो तर यादीत चारच नावं: १०२४×७६८, ८००×६००, ८४८×४८० आणि ६४०×४८०. आणि मॉनिटरच्या नावाच्या जागी ‘अननोन डिस्प्ले’. खरं तर उत्तर तिथंच होतं, पण मी त्या शब्दाकडे बघितलंसुद्धा नाही, मला आकडा बदलायचा होता.

मग तेच केलं जे सगळे करतात, शोधलं, आणि एक्सरँडर मिळाला. ही कमांड टर्मिनलमध्ये नुसती टाकली की कुठल्या भोकाला काय जोडलंय आणि त्याला कुठली रिझोल्यूशन्स चालतात याची यादी येते, जी चालू आहे तिच्यापुढे तारा, जी मॉनिटरची आवडती आहे तिच्यापुढे अधिकची खूण. माझ्या यादीत व्हीजीए-१ कनेक्टेड होता आणि खाली तेच चार गरीब आकडे, अधिकची खूण कुठेच नाही. यादीत नसलेलं रिझोल्यूशन हवं असेल तर आधी सीव्हीटी नावाच्या कमांडला १९२० १०८० ६० असं विचारायचं, ती एक लांबलचक ओळ देते तिला मोडलाइन म्हणतात, ती उचलून एक्सरँडरच्या न्यूमोडला द्यायची, मग अ‍ॅडमोडनं त्या भोकाला चिकटवायची, मग आउटपुटमध्ये तीच निवडायची. तीन पायऱ्या. मला आलेली ओळ अशी होती: १७३.०० १९२० २०४८ २२४८ २५७६ १०८० १०८३ १०८८ ११२०. तेव्हा मला यातलं फक्त १९२० आणि १०८० कळत होतं, बाकी लॉटरीचे नंबर.

तिन्ही पायऱ्या केल्या आणि मॉनिटर काळा. काळ्या पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’ असं लिहिलेली एक चौकट इकडून तिकडे फिरत राहिली, देवळातल्या प्रदक्षिणेसारखी. परत मागे आलो, वाटलं टाइप करताना चुकलं असेल म्हणून न्यूमोडची ओळ पुन्हा टाकली, तर एरर आला: बॅडनेम, नेम्ड कलर ऑर फॉन्ट डझ नॉट एक्झिस्ट.

आता मी पानं लावणारा माणूस. ‘फॉन्ट अस्तित्वात नाही’ असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो. आदल्याच आठवड्यात दोन नवे देवनागरी फॉन्ट टाकले होते, म्हटलं त्यातलाच कुठला तरी बिघडला. ते काढले, कॅशे साफ केला, पुन्हा टाकले, दोन तास गेले, स्मरणिकेचं अध्यक्षीय मनोगत तेवढ्यात भलत्याच फॉन्टमध्ये गेलं ते वेगळंच. शेवटी कळलं की या एररचा फॉन्टशी काडीचा संबंध नाही. त्याच नावाचा मोड आधीच तयार आहे, दुसऱ्यांदा करू नकोस, एवढंच त्याला सांगायचं असतं, पण एक्सच्या, म्हणजे लिनक्सवर पडद्याचं काम बघणाऱ्या प्रणालीच्या, जुन्या शब्दकोशात नावाबद्दलच्या तक्रारीला हे एकच वाक्य आहे म्हणून तो तेच बोलतो. म्हाताऱ्या माणसांचं असतं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोदेर पाव देऊन गेला तेव्हा मी टर्मिनलसमोरच होतो, सीव्हीटीला डॅश आर लावून बघितलं. आर म्हणजे रिड्यूस्ड, आणि कमी काय होतं ते पुढं सांगतो. पहिला आकडा १७३ वरनं १३८.५० वर आला, आणि २५७६ च्या जागी २०८०. ही ओळ दिली आणि मॉनिटर उजळला! पूर्ण स्क्रीन, १९२०×१०८०, दोन पानं शेजारी शेजारी. आईला बोलावून दाखवलं. आई म्हणाली, “बरं दिसतंय, पण तुझे डोळे लाल झालेत.”

त्या दिवशी दुपारी प्रुफं वाचायला बसलो आणि वीस मिनिटांत डोकं दुखायला लागलं. काहीतरी चुकत होतं पण काय ते कळेना. चष्मा पुसला. मग मजकूर मोठा करून बघितला तेव्हा दिसलं: शिरोरेषा एकदम कातरलेली, सुरीनं कापल्यासारखी, आणि काना मात्र धूसर. प्रत्येक उभी रेघ पेन्सिलीनं ओढून बोटानं फासल्यासारखी, आणि तेही सगळीकडे सारखं नाही, काही पट्ट्यांत बरं, काही पट्ट्यांत वाईट, साडीच्या घडीसारखे उभे पट्टे. मॉनिटरचं ऑटो बटण, चित्र आपोआप जुळवणारं, दाबलं की जरा सुधारायचं, पट्टे सरकायचे, जायचे नाहीत. इंग्रजी मजकुरात हे कदाचित माझ्या लक्षातच आलं नसतं, पण देवनागरीत वर आडवी रेघ आणि खाली उभ्या रेघा असल्यामुळे एकाच अक्षरात अर्धं स्पष्ट आणि अर्धं अस्पष्ट दिसतं, ते डोळ्याला फार खुपतं.

पण म्हटलं चित्र तर आलंय, आधी कायमचं करून घेऊ, मग बघू. कारण एक्सरँडरनं केलेलं काहीच टिकत नाही, लॉगआउट केलं की गेलं. मग मी तीन ठिकाणी तीन उपाय केले, आणि इथंच मी गाढवपणा केला. होम फोल्डरमधल्या डॉट एक्सप्रोफाइल या फाईलमध्ये तिन्ही ओळी टाकल्या, म्हणजे लॉगिन केलं की आपोआप चालतील. ते झाल्यावर कुठेतरी वाचलं की खरी पद्धत एक्स११च्या फोल्डरात मॉनिटरची कॉन्फ फाईल लिहायची, तीही लिहिली. मग वाचलं की ग्रबमध्येच, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, व्हिडिओ म्हणून सांगता येतं, तेही करून अपडेट-ग्रब मारलं. कुठल्या उपायानं काम झालं हे तपासलंच नाही, एकावर एक चढवत गेलो. ज्वराला एकाच वेळी डॉक्टर, वैद्य आणि अंगारा.

कॉन्फ फाईलमध्ये एक अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं आणि रीस्टार्टनंतर डेस्कटॉपच येईना, डाव्या कोपऱ्यात एक डॅश लुकलुकत राहिला. त्यात लाईट गेली. पावसात आमच्याकडे लाईट जाणं ही बातमी नाही, पण लॅपटॉपची बॅटरी जेमतेम पंधरावीस मिनिटं टिकते, म्हणजे परीक्षेत शेवटची घंटा व्हायच्या आधीची अवस्था. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ एकदम दाबून काळ्या टर्मिनलमध्ये उतरलो, नॅनो या साध्या एडिटरमध्ये फाईल उघडली, मोबाईलच्या टॉर्चमध्ये ते एक चिन्ह शोधलं, सुधारलं आणि बॅटरी संपायच्या आत डेस्कटॉप परत आणला. खरं सांगतो, त्या क्षणी जो आनंद झाला तो अख्ख्या प्रकरणात पुन्हा झाला नाही.

मधे एक दिवस पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स लावून बघितलं, मिंटचाच दोष असेल म्हणून. तिथं तर एक्सरँडरच्या यादीत व्हीजीएचं नावच नाही, त्या जागी एक्सवेलँड असलं काहीतरी, आणि नवा मोड काही केल्या लागू होईना. नंतर कळलं की तिथं एक्सच्या जागी वेलँड नावाची नवी प्रणाली होती, आणि वेलँडवर स्क्रीन हाताळण्याचं काम एक्सकडे नसतंच, एक्सरँडरला तिथं नुसती खिडकीतून बघायची परवानगी असते. असो, तो दिवस वाया.

शेवटी भाच्याला फोन केला. तो पुण्याला असतो, याच कामात आहे, पण त्याला विचारायचं मी टाळतो कारण तो हसतो. या वेळी हसला नाही, एकच विचारलं, “मामा, ईडीआयडी येतोय का?”

म्हटलं तो कोण.

मग त्यानं जे सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात एक छोटी चिप असते आणि तिच्यात त्या मॉनिटरची कुंडली लिहिलेली असते, १२८ बाइटची. कंपनीचं तीन अक्षरी नाव, मॉडेल, कुठल्या साली कितव्या आठवड्यात बनला, पडदा किती सेंटिमीटर रुंद, कुठली रिझोल्यूशन्स चालतात आणि त्यांचं नेमकं टायमिंग. मॉनिटर जोडला की कॉम्प्युटर ही कुंडली वाचतो आणि त्यावरून यादी तयार करतो. हीच ती ईडीआयडी. व्हीजीए हे भोक आयबीएमनं १९८७ साली आणलं तेव्हा ही भानगड नव्हती, ती १९९४मध्ये आली, आणि तिच्यासाठी त्याच पंधरा पिनांमधल्या दोन वापरल्या गेल्या, बारावी माहितीची आणि पंधरावी घड्याळाची. लाल, हिरवा, निळा हे रंग पहिल्या तीन पिनांवरून जातात. म्हणजे बारा किंवा पंधरा मेली तरी चित्र येतं, रंग अगदी ठीक दिसतात, आणि कुणालाही केबलचा संशय येत नाही. मला पण नाही आला.

“मग काहीतरी जोडलंय हे तरी त्याला कसं कळलं?” मी विचारलं. तर म्हणे रंगाच्या तारांच्या टोकाला मॉनिटरमध्ये ७५ ओहमचा रोध असतो, तेवढा भार जाणवला की लॅपटॉप समजतो कुणीतरी आहे. कोण आहे ते कळत नाही. दारावर थाप ऐकू येते पण नाव सांगत नाही अशी स्थिती, मग कर्नल सावधपणे १०२४×७६८ आणि त्याखालचे आकडे पुढं करतो, ते बहुतेक कुणालाही चालतात. माझ्या यादीतले चार आकडे ते हेच.

त्यानं तपासायला लावलं. सिस, मग क्लास, मग डीआरएम या फोल्डरात प्रत्येक भोकाचं एक फोल्डर असतं, त्यातल्या व्हीजीए-१वाल्यात ईडीआयडी नावाची फाईल. कॅटनं वाचून डब्ल्यूसी डॅश सी कडे पाठवली, म्हणजे बाइट मोजायला. उत्तर: ०. नुसतं एलएस करून, म्हणजे फाईलींची यादी काढून, साइज बघू नका, तिथं चांगल्या केबलवरही शून्यच दिसतं, ती फाईल वाचल्यावरच भरते. मी यात नंतर फसलो होतो.

आणि काना धूसर का, ते पण त्याच फोनवर कळलं. मोडलाइनमधला पहिला आकडा म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष ठिपके पाठवायचे ते, मेगाहर्ट्झमध्ये. नंतरचे चार आडवे, नंतरचे चार उभे. ओळीत दिसणारे ठिपके १९२०, पण ओळ संपते २५७६ वर, म्हणजे ६५६ ठिपक्यांएवढा वेळ नुसता मोकळा. हा मोकळा वेळ जुन्या काचेच्या मॉनिटरसाठी, त्यातल्या इलेक्ट्रॉनच्या झोताला ओळ संपवून परत डावीकडे यायला वेळ लागायचा. एलसीडीला झोतच नाही, म्हणून डॅश आर लावला की तो मोकळा वेळ कापून १६० ठिपक्यांवर आणतात आणि ओळ २०८० वर संपते, तेवढ्यामुळे १७३ चा १३८.५ होतो. माझा मॉनिटर १७३ ला ‘आउट ऑफ रेंज’ म्हणाला कारण तेवढा वेग त्याला झेपत नव्हता. १३८.५ झेपला, पण त्याची सवय तिसऱ्याच आकड्यांची होती. टीव्ही-मॉनिटरच्या जगात १०८०पी म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्झ आणि ओळ २२०० वर संपणार, हे ठरलेलं आहे. व्हीजीएच्या तारेतून ठिपके सुटे सुटे येत नाहीत, वरखाली होणारी एक सलग लाट येते, तिचे तुकडे मॉनिटरनं स्वतः पाडायचे असतात. आम्ही २०८० तुकड्यांची ओळ पाठवत होतो आणि तो बिचारा २२०० तुकडे पाडत होता. आडव्या दिशेनं माप चुकल्यावर उभ्या रेघा दोन ठिपक्यांच्या मधे पडतात आणि फासल्या जातात. ओळी मात्र मोजून येतात, १०८० म्हणजे १०८०, त्यात घोळ होत नाही, म्हणून शिरोरेषा शाबूत. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं, म्हणजे डोळे माझे ठीक होते.

त्यानं खरी ओळ पाठवली: १४८.५० १९२० २००८ २०५२ २२०० १०८० १०८४ १०८९ ११२५, आणि शेवटी दोन्ही सिंक प्लस. टर्मिनलमध्ये टाकली, ऑटो दाबलं, आणि काना उभा राहिला. ‘मामा’ शब्दातला प्रत्येक काना वेगळा.

मग केबल कशाला बदलायची असं मला वाटलं, पण लॅपटॉपचं झाकण मिटून उघडलं किंवा लाईट जाऊन मॉनिटर बंद चालू झाला की गाडी परत १०२४ वर, पुन्हा ओळी टाका. पावसात दिवसातून चार वेळा. म्हणून केबल सोडवून उजेडात धरली. निळं टोक, आत तीन ओळींत पिना. मोजल्या, चौदा! नववी नव्हतीच. अर्धा दिवस मी हाच दोष धरून बसलो, घरात सगळ्यांना सांगितलं, चोर सापडला. भाच्याला फोटो पाठवला तर म्हणाला नववी पिन बऱ्याच केबलना मुळातच नसते, तिच्यावरून पाच व्होल्ट जातात, मॉनिटर बंद असतानाही कुंडली वाचता यावी म्हणून, मॉनिटर चालू असेल तर तिच्यावाचून अडत नाही. “तिसरी ओळ बघ.” तिसऱ्या ओळीत शेवटच्या पिनेला हिरवट बुरशीसारखं काहीतरी होतं आणि दुसरी काळवंडलेली. पंधरा आणि बारा.

खोडरबरानं घासल्या, स्पिरिट लावलं, तांदळाच्या डब्यात नाही ठेवली पण विचार आला होता. परत जोडली तर बाइट शून्याचे १२८ झाले! आणि तरी यादीत तेच चार. डीमेसेगमध्ये, म्हणजे कर्नलच्या निरोपांच्या यादीत, बघितलं तर ईडीआयडीचा चेकसम इनव्हॅलिड. म्हणजे १२८ बाइटांची बेरीज केली की २५६ नं निःशेष भाग जायला हवा, शेवटचा बाइट त्यासाठीच ठेवलेला असतो, नाही गेला तर कर्नल म्हणतो वाटेत काहीतरी बिघडलं, आणि अख्खी कुंडली टाकून देतो. अर्धवट स्वच्छ पिनेतून अर्धवट खरी माहिती. दोन तासांनी पुन्हा शून्य.

शुक्रवारी म्हापशाला जायचंच होतं, बाजाराचा दिवस, आईला सुकी मासळी आणि मला प्रेसमध्ये कव्हरची प्रिंट बघायची होती. बाजारामागच्या गल्लीत एक टीव्ही दुरुस्तीवाला बसतो, आजूबाजूला उघडे टीव्ही, मधे तो. माझी सगळी कहाणी मी एक्सरँडरपासून सुरू केली, त्यानं मधेच हात पुढं केला. “केबल हाडल्या मू?” पिशवीतनं काढून दिली. चष्मा कपाळावरनं खाली घेतला, एकदा बघितलं. “पळय, पिनी पाचव्यो जाल्यात. दर्यादेगेर रावतात न्ही तुमी?” म्हणजे पिना हिरव्या पडल्यात, समुद्राकाठी राहता ना तुम्ही.

हो म्हटलं, मांद्र्याला. तो नुसता मान हलवत खाली वाकला आणि जाड अशी एक काळी केबल काढून दिली, दोनशे रुपये. पाच मिनिटं. माझे आठ दिवस.

घरी येऊन जोडली, लॅपटॉप चालू केला, लॉगिन केलं, १९२०×१०८० आपोआप आलं. आणि काना धूसर.

मी त्या दुरुस्तीवाल्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. कॅट करून बाइट मोजले, १२८. डीमेसेग गप्प. यादीत आता पंधरासोळा आकडे, मॉनिटरचं नाव, सगळं व्यवस्थित, मग हे काय? बराच वेळ बघत बसल्यावर लक्षात आलं की यादीत १९२०×१०८० दोनदा आहे. एकापुढे अधिकची खूण, ते मॉनिटरचं स्वतःचं. आणि तारा मात्र दुसऱ्यापुढे, खाली, माझ्या हातानं बनवलेल्या डॅश आरवाल्या मोडपुढे. भाच्याची चांगली ओळ मी फक्त टर्मिनलमध्ये टाकली होती, एक्सप्रोफाइलमध्ये जुनीच बसलेली, ती दर लॉगिनला इमानानं चालत होती. लॅपटॉपला आता मॉनिटर ओळखता येत होता, पण मीच त्याला सांगत होतो की तू गप्प बस.

मग उलटा प्रवास. एक्सप्रोफाइलमधल्या ओळी काढल्या, एक्स११च्या फोल्डरातली कॉन्फ फाईल उडवली, ग्रबमधला व्हिडिओ काढून पुन्हा अपडेट-ग्रब. ग्रबचं मी विसरलोच होतो, तो बूट होताना पाटीवर दिसला म्हणून आठवला. डिस्प्ले सेटिंग स्वतःची एक एक्सएमएल फाईल होम फोल्डरच्या कॉन्फिगमध्ये ठेवतं, तीही काढली, नवीन बनते ती. करताना एक कागद घेऊन लिहून काढलं काय काय कुठं टाकलं होतं, ते टाकतानाच लिहिलं असतं तर. रीस्टार्ट. तारा आणि अधिक एकाच आकड्यापुढे, १९२०×१०८०, ६०.००.

ऑटो बटणाबद्दल एक सांगायचं राहिलं. ते दाबताना पडद्यावर काळं टर्मिनल ठेवू नका, मॉनिटर चित्राच्या कडा शोधत असतो आणि काळ्यात त्याला कडा सापडत नाही, मग तो चित्र डावीकडे कापतो. मी स्मरणिकेचं कोरं पांढरं पान पूर्ण स्क्रीनवर उघडलं आणि दाबलं. एकदाच. बसलं.

नंतर सहज म्हणून ईडीआयडी-डीकोड नावाचं पॅकेज टाकून ती कुंडली वाचून काढली. कंपनी, मॉडेल, पडदा ४८ सेंटिमीटर रुंद, आणि मेड इन: २०११. चार वर्षं पण झाली नाहीत म्हणणाऱ्याला मॉनिटर स्वतःच्या पोटात जन्मसाल घेऊन फिरतो हे माहीत नसावं. आता त्याला कुठं शोधू, कॅफेच्या जागी काजूचं दुकान आलंय.

स्मरणिका वेळेत गेली. नव्या केबलच्या पिनांना पेट्रोलियम जेली लावू का असं आई विचारत होती, तिच्या शिलाई मशीनला लावते तशी, म्हटलं नको. भाच्यानं सांगितलेलं एक काम मात्र करून ठेवलंय: चांगल्या केबलवरून आलेले ते १२८ बाइट एका फाईलमध्ये कॉपी करून ठेवले. उद्या ही केबल पण हिरवी झाली तर ती फाईल फर्मवेअरच्या फोल्डरात ईडीआयडी नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची, बूट होताना आधी उघडणाऱ्या इनिट्रॅमएफएस या गाठोड्यात पण घ्यायची, आणि ग्रबमध्ये कर्नलला सांगायचं की व्हीजीए-१ ची कुंडली तारेवरून विचारू नकोस, इथून वाच. अजून टाकलेलं नाही. फाईल आहे, कागदावर लिहिलंय कुठं ठेवलीय ते, आणि पावसाळा अजून महिनाभर आहे.